दुसरी प्रत कोठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटातून एक बाह्य हार्ड डिस्क बाहेर काढण्यात आली. मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यासाठी मागील काही वर्षांची अंतर्गत गुणपत्रके, उपस्थितीपत्रके आणि विद्यार्थ्यांनी विदर्भातील कापूस उत्पादक गावांमध्ये केलेल्या पाहणीच्या नोंदी हव्या होत्या. डिस्क संगणकाला जोडली, तिचा दिवा लागला, फोल्डरांची नावे पडद्यावर उमटली आणि सर्वांना हायसे वाटले. मग पहिली फाईल उघडावयास गेलो तो ती उघडेना. दुसरी उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तिसऱ्या फाईलचे आकारमान शून्य. थोड्या वेळाने संगणकानेच पृच्छा केली, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाची काय?' आमच्यापैकी एकाचे बोट होकाराकडे वळलेच होते. एका तरुण सहकाऱ्याने हात धरला म्हणून पुढचा अनर्थ टळला.

त्यानंतर जे घडले ते आपल्याकडील कोणत्याही कार्यालयात घडते तेच होते. दोषी कोण याचा शोध सुरू झाला आणि तो सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे लिपिकापाशी, येऊन थांबला. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सर, दुसरी प्रत ठेव असे मला आजवर कोणी सांगितले होते काय? आणि ती ठेवण्यासाठी दुसरी डिस्क कोणी दिली होती काय?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा, थोडा उशिरा झालेला, प्रयत्न आहे.

फाईल बिघडते म्हणजे काय होते?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, हार्ड डिस्क ही काही तिजोरी नव्हे. ते एक नाजूक यंत्र आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा ५० मोठ्या तबकड्यांवर मिळून जेमतेम ५ मेगाबाइट मजकूर मावत असे. आज तळहातावर मावणाऱ्या डबीत त्याच्या लाखोपट मजकूर बसतो. पण मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि वाचणारे-लिहिणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत राहते. फिरत्या डिस्कला बसलेला एक धक्काही ते टोक तबकडीवर आपटण्यास पुरेसा होतो. अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकांत कामकाजाचे तापमान ५ ते ३५ अंश असे दिलेले असते. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो; तेव्हा पंखाही नसलेल्या खोलीत हे यंत्र तासन्‌तास चालविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु प्रत्येक वेळी यंत्रच बिघडते असेही नाही. डिस्कवर मजकूर एका ठिकाणी असतो आणि तो कोठे आहे याची अनुक्रमणिका दुसऱ्या ठिकाणी असते. आवक-जावक नोंदवहीत नोंद झाली, पण कागद फाईलला लावण्यापूर्वीच कारकून उठून गेला, तर जी अवस्था होईल तीच डिस्कची होते. फाईल उतरविली जात असताना वीज गेली, किंवा 'सुरक्षितपणे काढा' ही सूचना न पाळता तार उपटली, की नोंद एक सांगते आणि मजकूर दुसरेच सांगतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत अशा बदलांची एक रोजनिशी ठेवलेली असते, म्हणून अनुक्रमणिका पुष्कळदा सावरली जाते. अनेक बाह्य डिस्क ज्या एक्सफॅट पद्धतीने तयार केलेल्या असतात, तीत अशी रोजनिशी नसते. म्हणजे घाईने तार काढण्याची शिक्षा तेथे अधिक कठोर आहे.

आणखी एक प्रकार आपल्या मराठी कार्यालयांच्या खास वाट्याला आला आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या टंकांत लिहिलेले अहवाल आज उघडले की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. 'फाईल करप्ट झाली' म्हणून ती काढून टाकली जाते. वस्तुतः ती धडधाकट असते. हरवलेला असतो तो केवळ तिचा टंक. योग्य टंक बसविला, किंवा रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून ती युनिकोडमध्ये आणली, की मजकूर परत मिळतो. तेव्हा फाईल मृत घोषित करण्यापूर्वी तिला निदान आपली लिपी तरी लावून पाहावी.

प्रथमोपचार

अशा वेळी पहिला नियम असा की काहीही लिहू नये. फॉरमॅट करू नये, त्या डिस्कवर नवी फाईल ठेवू नये, वाचविलेली फाईलही तिच्यावरच उतरवू नये. पुसली गेलेली फाईल बहुधा लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा केवळ 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले म्हणजे मग ती खरोखर जाते.

दुसरे असे की, दोष डिस्कचाच आहे हे गृहीत धरू नये. लहान बाह्य डिस्क आपली वीज यूएसबीच्या तारेतूनच घेते. तार जुनी असेल किंवा संगणकाचे खाचे सैल झाले असेल तर डिस्क मध्येच तुटते आणि फाईल बिघडल्यासारख्या दिसतात. दुसरी तार, दुसरे खाचे, दुसरा संगणक एवढे करून पाहण्यास दहा मिनिटे आणि दोनशे रुपये पुरतात.

तिसरे, कानांनी ऐकावे. आतून टक्‌टक्‌ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर तात्काळ वीज तोडावी आणि ती डिस्क जाणकाराच्या स्वाधीन करावी. पुनःपुन्हा चालू करून पाहण्याने तबकडीवरील ओरखडे वाढतात. डबी उघडून पाहणे, ती शीतकपाटात ठेवणे असले ऐकीव उपाय करू नयेत.

चौथे, आवाज येत नसेल आणि डिस्क दिसत असेल, तर दुरुस्ती करण्याआधी तिची जशीच्या तशी संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यावी. डीडीरेस्क्यू ही मोफत आज्ञावली हेच काम करते. सोपा भाग आधी वाचते आणि अवघड भागाकडे मागाहून वळते. पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. टेस्टडिस्क आणि फोटोरेक या आज्ञावलीही विनामूल्य आहेत. पहिली हरवलेले विभाग शोधते, तर दुसरी अनुक्रमणिका नष्ट झाली तरी फाईलच्या अंगच्या खुणांवरून ती ओळखून बाहेर काढते. अशा वेळी नावे मात्र मिळत नाहीत, केवळ क्रमांक मिळतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. संगणकात 'चेकडिस्क' नावाची सोय असते आणि पुष्कळ लोक तीच पहिल्यांदा चालवितात. ही सोय अनुक्रमणिका सुसंगत करते. मजकुराची हमी ती देत नाही. हिशेब जुळत नाही म्हणून न जुळणारी नोंदच खोडून टाकावी, तसे काहीसे तिच्या हातून होऊ शकते. म्हणून ती चालवावयाची तर प्रतिमा घेतल्यानंतरच.

प्रत की एकमेव प्रत?

हे सारे झाले रोग झाल्यानंतरचे. मूळ प्रश्न वेगळाच आहे. आमची ती डिस्क 'बॅकअप' म्हणून ओळखली जात होती. पण संगणकात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा जुन्या फाईल डिस्कवर नेऊन संगणकातून काढून टाकण्यात आल्या होत्या. ज्या क्षणी मूळ फाईल पुसली गेली, त्या क्षणी ती प्रत प्रत राहिली नाही; तीच मूळ झाली, आणि तिला प्रत उरली नाही. तरीही डबीवरची चिठ्ठी मात्र 'बॅकअप' अशीच राहिली. त्या चिठ्ठीने आम्हा सर्वांना काही वर्षे निश्चिंत झोपविले. माझ्या मते आपल्या शहरातील कित्येक शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत अशाच चिठ्ठ्या आज लागलेल्या असतील.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. दुसऱ्या डिस्कचा खर्च आजचा, निश्चित आणि डोळ्यांना दिसणारा आहे. नुकसान उद्याचे, अनिश्चित आणि अदृश्य आहे. शिवाय खर्चाला मंजुरी देणारा वेगळा आणि नुकसान सोसणारा वेगळा. दहा वर्षांपूर्वीच्या गुणांचा दाखला मागावयास येणारा माजी विद्यार्थी खरेदी समितीत बसलेला नसतो. आपल्या अंदाजपत्रकांत यंत्र विकत घेण्यास शीर्ष असते. त्यातील मजकूर जतन करण्यास नसते. लेखापाल डिस्कच्या किमतीवर दरवर्षी घसारा आकारतो. चार-पाच हजारांची वस्तू काही वर्षांत कागदोपत्री नगण्य होऊन जाते. तिच्यातील नोंदींची किंमत मात्र याच काळात वाढत जाते, कारण त्या पुन्हा गोळा करणे दरवर्षी अधिक दुरापास्त होत जाते. ताळेबंदात या मत्तेला कोठेही स्थान नाही, आणि ज्याला ताळेबंदात स्थान नाही त्याला संरक्षणही नाही.

आता जोखमीचे गणित पाहू. एखादी डिस्क एका वर्षात बिघडण्याची शक्यता उदाहरणादाखल वीसात एक धरली, आणि दुसरी डिस्क पहिलीहून पूर्णतः स्वतंत्र असली, तर दोन्ही एकाच वर्षात बिघडण्याची शक्यता चारशेत एक इतकी घटते. यातले 'स्वतंत्र' हे पद महत्त्वाचे आहे. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर चोर एक, आग एक आणि पूरही एकच; मग हा गुणाकार लागू पडत नाही.

नागपूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते घरातल्या पाण्यात. मोरभवन स्थानकावरच्या बसगाड्या बुडाल्या. तळमजल्यावरच्या घरात संगणक टेबलावर आणि त्याची प्रत टेबलाच्या खणात असेल, तर त्या पहाटे त्या दोहोंत फरक तो काय राहिला?

राज्याच्या पातळीवर हाच धडा २१ जून २०१२ रोजी मिळाला. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसे प्राणास मुकली आणि असंख्य फाईल भस्मसात झाल्या. त्यानंतर कागदपत्रांच्या संगणकीकरणाला वेग आला, हे योग्यच झाले. परंतु संगणकीकरण म्हणजे सुरक्षितता नव्हे. दक्षिण कोरियासारख्या संगणकविद्येत अग्रेसर राष्ट्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला बॅटरीतून आग लागली, ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या, आणि अधिकाऱ्यांच्या दैनंदिन कामाच्या फाईल ठेवण्याचे ८५८ टेराबाइटचे भांडार नष्ट झाले. त्या भांडाराची बाहेर कोठेही प्रत नव्हती. आमच्या कपाटातील चूक आणि देजॉनमधील चूक यांत आकारमानाचा तेवढा भेद आहे.

विदर्भाचाच एक दाखला

प्रती जतन करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. तरीही ग्रंथ वाचला, कारण तो अनेकांना मुखोद्गत होता. त्यांच्या स्मरणातून त्याचे पाठ पुन्हा सिद्ध झाले. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांजवळ प्रती असणे हेच त्या ग्रंथाचे संरक्षण ठरले. अर्थात स्मरणातून सिद्ध झालेल्या पाठांत भेद राहिले, आणि कोणता पाठ मूळचा हे ठरविण्यात अभ्यासकांची हयात गेली. म्हणजे प्रती पुष्कळ असाव्यात हे जसे खरे, तसे त्या परस्परांशी ताडून पाहिलेल्या असाव्यात हेही खरे.

याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळा आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले. परक्यांपासून ते सुरक्षित राहिले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत महाराष्ट्रही त्यांना पारखा राहिला. आज डिस्कला संकेतशब्दाचे कुलूप लावून तो शब्द एकट्या प्राध्यापकाच्या डोक्यात ठेवणाऱ्यांनी, आणि तो प्राध्यापक निवृत्त झाल्यावर हात चोळीत बसणाऱ्यांनी, हा इतिहास ध्यानात घ्यावा. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जेथे एक ग्रंथ अनेकांच्या स्मरणशक्तीवर तरला, तेथून संगणकीय जतनाचे शिक्षणही सुरू व्हावे अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

काय करता येईल?

काहीजण म्हणतील, आता सारे इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवावे म्हणजे कटकट मिटली. हा उपाय चांगला आहे, पण एकटा पुरेसा नाही. संस्थांना अमर्याद जागा फुकट देणारेही पुढे मर्यादा घालतात, हे शिक्षणक्षेत्राने अनुभवले आहे. शिवाय संगणकावर पुसलेली फाईल आपोआप तेथूनही पुसली जाते. बिघडलेली फाईल चांगल्या फाईलच्या जागी निमूटपणे जाऊन बसते. दुसरे काहीजण म्हणतील, त्यापेक्षा आपला कागदच बरा. कागद वाळवी लागून हळूहळू जातो, डिस्क एका सकाळी जाते, हे खरे. पण दरवर्षीचा पसारा कागदावर सांभाळण्यास ना जागा आहे ना माणसे.

म्हणून जाणकारांनी सांगितलेला साधा नियम पाळावा: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांतील एक प्रत वास्तूच्या बाहेर. एक संगणकात, एक डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत वा इंटरनेटवरच्या साठ्यात. डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विषाणूच्या एकाच हल्ल्यात संगणकाबरोबर जाते. पाच वर्षे झालेल्या डिस्कवर एकट्या विसंबू नये. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हे, केवळ समजूत आहे. आपला व्यापारी रोज रात्री रोकड मोजून रोजमेळ जुळवितो. पेटीत पैसे असतील असे मानून झोपत नाही. ३१ मार्च हा दिवस जगभर 'बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो, आणि योगायोगाने तो आपल्या हिशेबी वर्षाचाही अखेरचा दिवस आहे. या दिवशी प्रत्येक संस्थेने प्रतीमधील कोणत्याही दहा फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि तसा शेरा एका नोंदवहीत लिहावा: कोणत्या नोंदी, कोठे, कोणाच्या ताब्यात, अखेरच्या कधी उघडल्या. त्या शेऱ्याखाली सही प्राचार्यांची असावी, लिपिकाची नव्हे.

सही कोणाची, हा मुद्दा क्षुल्लक नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकतो; तिच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यावर नव्हे. पदवीची प्रमाणपत्रे आज डिजिलॉकरमध्ये मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, उपस्थिती, क्षेत्रपाहणीचे तक्ते, म्हणजे ज्यांवर विद्यार्थ्याचे आणि संशोधकाचे पुढे अडते, ते अजून कपाटातल्या डबीतच आहे. ज्याला साधन दिले नाही, शिकविले नाही, वेळ दिला नाही, त्याला नुकसानीनंतर जाब विचारणे हा अन्याय आहे. शिवाय तो निरुपयोगीही आहे, कारण त्याने पुढची डिस्क वाचत नाही.

आमच्या त्या डिस्कचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. प्रतिमा घेऊन निम्म्याहून अधिक फाईल परत मिळाल्या. गुणपत्रकांचा काही भाग छापील नोंदवह्यांवरून पुन्हा उतरविला. त्यासाठी त्याच लिपिकाने दिवाळीच्या सुट्टीतले नऊ दिवस दिले. गावपाहणीच्या तक्त्यांपैकी एका तालुक्याचे तक्ते, आज यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका असलेल्या एका माजी विद्यार्थिनीने आठवण म्हणून जपून ठेवलेले होते, ते तिने पाठविले. उरलेल्या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांनी त्या वर्षी कापूस काय भावाने विकला आणि कर्ज कोणाकडून काढले, हे आता आम्हांला कधीच कळणार नाही. ते शेतकरी आपला वेळ मोडून आमच्या विद्यार्थ्यांशी बोलले होते.

आमच्या कपाटात आता दोन डिस्क नाहीत. एक आहे, आणि दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाचकांनी आज आपापल्या कार्यालयात, शाळेत आणि घरी एवढाच प्रश्न विचारावा: दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली?